डॉकला लावलेला मॉनिटर सारखा जातो-येतो? डॉक बदलण्याआधी हे तपासा

डॉक म्हणजे लॅपटॉपला एकाच केबलने मॉनिटर, कीबोर्ड, चार्जिंग असं सगळं जोडून देणारा डबा. लॅपटॉपची केबल डॉकला जोडली की दोन्ही मॉनिटर लागतात, कीबोर्ड-माउस चालतात, चार्जिंगही सुरू होतं. तासाभराने उजवीकडचा मॉनिटर अचानक काळा पडतो, दोन-तीन सेकंदांनी परत येतो, आणि तेवढ्यात उघडलेल्या सगळ्या विंडो लॅपटॉपच्या स्क्रीनवर जाऊन गोळा झालेल्या असतात. कधी जेवून आल्यावर मॉनिटर उठतच नाही. कधी डॉकला हार्डडिस्क लावली की माउस मरतो. केबल काढून परत लावली की सगळं ठीक होतं, म्हणून माणूस विषय सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुण्यातल्या एका ऑफिसात अशा जोडण्या लावून देणं आणि त्या बिघडल्या की बघणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये ही सगळ्यात चिवट. वैतागून लोक नवा डॉक मागवतात. चांगला थंडरबोल्ट (यूएसबी-सी च्याच तोंडातून चालणारी वेगवान जोडणी) डॉक वीस हजारांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. तो लावल्यावर चार दिवसांनी पुन्हा काळा पडदा दिसला की माणूस पार खचतो. त्या पैशांची मला खरोखर हळहळ वाटते, कारण लॅपटॉपच्या पोर्टपासून मॉनिटरपर्यंतच्या रस्त्यात डॉक ही फक्त एक जागा आहे आणि बाकीच्या जागा कोणी तपासलेल्याच नसतात.

केव्हा जातो आणि कशाने परत येतो

काही काढण्या-घालण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवायला लागा: मॉनिटर नेमका केव्हा गेला, आणि काय केल्यावर परत आला. दोन-तीन दिवस हे टिपलंत की निम्मं काम झालं.

‘केव्हा’चे साधारण चार प्रकार पडतात. पहिल्या दिवसापासूनच दुसरा मॉनिटर लागत नाही किंवा अंधुक, अडखळत चालतो. दुसरा, काम करता करता मध्येच जातो. तिसरा, लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर किंवा सकाळी आल्यावर मॉनिटर येत नाही. आणि चौथा, काहीतरी नवीन जोडलं किंवा मोठं काम सुरू केलं की सगळंच डळमळतं. पहिल्यात बहुधा बिघाड नसतोच, पोर्टची कुवत कमी पडत असते. दुसऱ्यात केबल आणि वीज बघायची. तिसऱ्यात सेटिंग, ड्रायव्हर (लॅपटॉपमधलं, जोडलेली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटरचा स्वतःचा स्लीप. चौथ्यात वॉटचा हिशोब.

‘कशाने परत आला’ हेसुद्धा तितकंच बोलकं असतं. विंडोजवर मॉनिटर गेला की केबलला हात लावण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर लपलपते, बीप वाजतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. काम उघडं असतं ते तसंच राहतं. एवढ्याने मॉनिटर परत आला तर संशय लॅपटॉपच्या ड्रायव्हरवर. तो न येता फक्त मॉनिटरचं बटण बंद-चालू केल्यावर आला तर मॉनिटर किंवा त्याच्याकडे जाणारी केबल. आणि डॉकचा प्लग काढून लावल्याशिवाय काही होतच नसेल तर डॉकचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, किंवा डॉकला मिळणारी वीज. लोक एकदम सगळंच काढून सगळंच लावतात, त्यात हा पुरावा पुसला जातो. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

पहिल्या दिवसापासूनच पूर्ण चाललं नसेल तर

यूएसबी-सी हा फक्त आकार आहे. त्या लंबगोल तोंडाच्या आत काय चालतं हे लॅपटॉपगणिक बदलतं, आणि एकाच लॅपटॉपच्या दोन सी पोर्टमध्येही फरक असू शकतो. एका पोर्टातून फक्त डेटा जातो, दुसऱ्यातून डेटा, चित्र आणि चार्जिंग तिन्ही. पोर्टच्या बाजूला विजेच्या बाणाचं चिन्ह असेल तर थंडरबोल्ट, डी अक्षरासारखं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र नेण्याची सोय, बॅटरीचं किंवा प्लगचं असेल तर चार्जिंग. काही लॅपटॉपवर चिन्हंच नसतात. तिथे कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची माहिती उघडून पोर्टपुढे काय लिहिलंय ते वाचावं. दुकानदाराच्या ‘चालेल हो’ वर जाऊ नये.

आता जरा हिशोब करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. साध्या यूएसबी-सी डॉकमध्ये लॅपटॉपकडून येणाऱ्या केबलला वेगवान अशा चार लेन, म्हणजे डेटा वाहण्याच्या वाटा, असतात. डॉकला वेगवान यूएसबीही द्यायचं असतं, म्हणून बहुतेक डॉक दोन लेन यूएसबीला आणि दोन चित्राला देतात. लॅपटॉपचं डिस्प्लेपोर्ट जुन्या धाटणीचं, म्हणजे १.२ असेल, तर एका लेनमधून ५.४ गिगाबिट जातात. त्यातला पाचवा हिस्सा संकेतांच्या बांधणीत खर्च होतो. दोन लेन मिळून चित्रासाठी हातात उरतात सेकंदाला ८.६४ गिगाबिट.

ह्यात काय बसतं? फुल एचडीचा एक मॉनिटर ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करताना, साधारण साडेतीन गिगाबिट घेतो. असे दोन आरामात बसतात. १४४० पिक्सेल उंचीचा, ज्याला दुकानात टू-के किंवा क्यूएचडी म्हणतात, तो एकटा ५.८ च्या आसपास घेतो. असे दोन लावले की साडेअकराच्या वर गेलो, म्हणजे बसत नाहीत. ४के मॉनिटर ६० हर्ट्झला सुमारे १२.८ गिगाबिट मागतो. तो एकटासुद्धा इथे मावत नाही, म्हणून लॅपटॉप गुपचूप ३० हर्ट्झवर उतरतो. माउसचा बाण ओढल्यासारखा फिरतो आणि लोक म्हणतात, ‘मॉनिटर स्लो आहे.’ मॉनिटर बिचारा ठीक असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून तिथे किती हर्ट्झ लिहिलंय ते बघा, लगेच कळेल.

डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर एका लेनमधून ८.१ गिगाबिट जातात. दोन लेनचे कापून १२.९६ उरतात. म्हणजे एक ४के मॉनिटर ६० हर्ट्झला जेमतेम बसतो. चित्र दाबून पाठवायची सोय लॅपटॉप, डॉक आणि मॉनिटर तिघांनाही असेल तर ह्याहून जास्त जमतं. काही डॉकमध्ये चारही लेन चित्राला देण्याची सोय असते. मग ४के छान चालतो, पण यूएसबी ४८० मेगाबिटच्या जुन्या वेगावर येतं. बाहेरची हार्डडिस्क रांगायला लागते ती ह्यामुळे.

थंडरबोल्टची गोष्ट वेगळी. थंडरबोल्ट ३ आणि ४ मध्ये ४० गिगाबिटचा एकच मोठा ओघ असतो आणि चित्र व डेटा त्यात गरजेप्रमाणे वाटून घेतले जातात. थंडरबोल्ट ४ चं नाव लावायचं तर लॅपटॉपने ६० हर्ट्झचे दोन ४के मॉनिटर चालवलेच पाहिजेत, अशी अट आहे. म्हणून ज्याला दोन ४के हवेत त्याने थंडरबोल्ट ४ असलेला लॅपटॉप आणि डॉक दोन्ही घ्यावेत. नुसता डॉक थंडरबोल्टचा घेऊन साध्या सी पोर्टला लावला तर पैसे पाण्यात. थंडरबोल्ट ३ चे सुरुवातीचे डॉक साध्या यूएसबी-सी लॅपटॉपवर मुळात चालतच नाहीत.

एचडीएमआय तोंडाचाही एक अडसर आहे. स्वस्त हबवर, म्हणजे डॉकच्या छोट्या भावंडांवर, एचडीएमआय १.४ असतं आणि त्याची ४के ची मजल ३० हर्ट्झपर्यंतच. ६० हवे असतील तर २.० लागतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं आणि हर्ट्झचा आकडा बारीक. तो बारीक आकडा वाचायचा.

आणि एक चूक तर इतकी पसरलेली आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी केबल एकाच दिशेने चालते. डॉकच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलटी लावली की तोंडं व्यवस्थित बसतात, पण चित्र कधीच येत नाही. डॉकला फक्त एचडीएमआय असेल आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, तर वेगळा, स्वतःची वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो.

मध्येच जात असेल तर आधी केबल

काम करता करता मॉनिटर जातो ना, मग पहिला हात केबलला घाला. मोबाइलच्या चार्जरची सी-टू-सी केबल आणि डॉकची केबल शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. मोबाइलच्या केबलमध्ये पुष्कळदा ४८० मेगाबिटपुरत्याच तारा असतात. वेगवान लेन नसतात, म्हणजे चित्र येणारच नाही. तीन अँपिअरच्या, म्हणजे ६० वॉटच्या वर वीज न्यायची तर केबलच्या तोंडात ओळख सांगणारी चिप असावी लागते. ती नसली तर १०० वॉटचा चार्जर आणि १०० वॉटचा डॉक असूनही ६० वॉटच मिळतात. डॉकसोबत आलेली केबल घरी राहिली आणि ड्रॉवरमधली कुठलीतरी लावली, एवढंच कारण असलेल्या तक्रारी मी पुष्कळ बघितल्या आहेत. डॉकच्या केबलवर रंगीत टेप गुंडाळून ठेवायची सवय मी सगळ्यांना लावते, म्हणजे ती मोबाइल चार्जिंगला पळवली जात नाही.

लांबीचंही बघा. थंडरबोल्टचा पूर्ण ४० गिगाबिट वेग साध्या केबलमधून ०.८ मीटरपर्यंत मिळतो. त्याहून लांब हवी तर आत चिप असलेली, महागडी केबल घ्यावी लागते. टेबलाखालून फिरवून आणायची म्हणून दोन मीटरची स्वस्त केबल घेतली की मॉनिटर लागतो खरा, पण काठावर चालतो. जरा कुठे गडबड झाली की जोडणी तुटते आणि दोन सेकंदांत पुन्हा जुळते. तुमचा काळा पडदा तो हाच. सी केबलला एक्स्टेन्शन जोडायची तर सोयच यूएसबीच्या नियमांत नाही. बाजारात ती मिळते, पण लावू नका.

मग तोंड बघा. सी चं तोंड पोर्टमध्ये घातल्यावर हलकं ‘टक’ लागायला हवं आणि लॅपटॉपच्या कडेला जवळपास टेकायला हवं. दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहत असेल तर आत कापसासारखा मळ दाबून बसलेला असतो, विशेषतः रोज बॅगेतून ने-आण होणाऱ्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप पूर्ण बंद करा, उजेडात धरा आणि लाकडी टूथपिकने कडेकडेने तो मळ उकरून काढा. मधल्या पातळ पट्टीला जोर लावायचा नाही, पिना तिच्यावर असतात. सुई, सेफ्टी पिन ह्यांचं तर नावही काढू नका. एवढं केल्यावर केबल पुन्हा घट्ट बसते आणि मॉनिटरचं जाणं थांबतं, असं मी वारंवार पाहिलं आहे.

डॉक टेबलाच्या कडेवरून लोंबत असेल तर त्याचं वजन पोर्टवर येतं. तोंड तिरकं होतं आणि हात लागला की मॉनिटर जातो. खात्री करायची तर सगळं चालू असताना केबल तोंडाजवळ हलकीच डावी-उजवीकडे हलवून बघा. चित्र लपलपलं की दोष सापडला. डॉक टेबलावर ठेवा, केबलला एक सैल वळण द्या.

हेच मॉनिटरकडच्या केबलला लागू. मधला डॉक काढून टाका आणि मॉनिटर त्याच केबलने सरळ लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावून अर्धा दिवस काम करा. तरीही जात असेल तर डॉकचा काहीच संबंध नाही.

वीज, बोर्ड आणि खुर्ची

लॅपटॉपला बॅटरी असते, डॉकला नसते. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर आली, त्या क्षणात लॅपटॉपला काही कळत नाही, पण डॉकचा अॅडॉप्टर आणि मॉनिटर डचमळतात. ज्यांच्याकडे दिवसातून दोन-चारदा लाईट झपकते, त्यांच्या ‘अधूनमधून’ जाणाऱ्या मॉनिटरचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं, आणि कागदावर वेळा टिपल्या असतील तर ते लगेच दिसतं. डॉकचा अॅडॉप्टर, मॉनिटर आणि राउटर एका छोट्या यूपीएसवर टाका. लॅपटॉपला यूपीएसची गरज नाही, तो आपल्या बॅटरीवर तग धरतो.

अॅडॉप्टर नसलेला छोटा हब असेल, ज्याच्या एका तोंडात चार्जर घालायचा असतो, तर चार्जर लावताना आणि काढताना लॅपटॉप आणि हब वीज कोण कोणाला देणार हे नव्याने ठरवतात. त्या क्षणी मॉनिटर, पेनड्राइव्ह, नेट सगळं एकदा तुटू शकतं. चालू फाइल कॉपी होत असताना चार्जर काढायचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पेनड्राइव्हवरचा डेटा जाण्याचा खरा धोका आहे.

वॉटचा हिशोब असा: लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर किती वॉट लिहिलेत ते बघा. ६५ वॉटचा लॅपटॉप असेल तर डॉकने लॅपटॉपला निदान ६५ द्यायला हवेत. डॉकच्या अॅडॉप्टरवर १२० लिहिलेलं असलं म्हणजे तेवढे लॅपटॉपला मिळतात असं नाही. स्वतःसाठी आणि यूएसबी पोर्टसाठी डॉक काही बाजूला काढतो. कमी पडलं की विंडोज ‘स्लो चार्जर’ अशा अर्थाची सूचना देतं, प्रोसेसर वेग कमी करतो आणि मोठं काम चालू असताना प्लग लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगचा, १८० वॉट किंवा जास्त लागणारा लॅपटॉप असेल तर त्याला त्याचा स्वतःचा चार्जर वेगळा लावा आणि डॉक फक्त मॉनिटर-कीबोर्डसाठी वापरा. हार्डडिस्क लावली की माउस मरतो तिथेही हेच: डॉकच्या पोर्टांना वाटायला वीज उरत नाही. हार्डडिस्क सरळ लॅपटॉपला लावून बघा.

आता अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं होतं का? बऱ्याच जुन्या इमारतींत बोर्डाला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे तार पोचलेलीच नसते. किंवा घरातल्या घरात तीन पिनला दोन पिनचा जोड लावलेला असतो. डॉक, दोन मॉनिटर, लॅपटॉप सगळे केबलींनी एकमेकांना जोडलेले, आणि अर्थिंग नाही. अशा वेळी बारीकसारीक विद्युत गडबड चित्राच्या केबलमध्ये शिरते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हे मॉनिटरसाठी तर कराच, पण त्याहून जास्त घरातल्या माणसांसाठी करा.

खुर्चीचं सांगितलं की लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात. आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी मॉनिटर दिवसातून अनेकदा काळा व्हायचा आणि काही केल्या वेळ जुळेना. तिने आठवडाभर टिपणं ठेवली तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी ती पाणी आणायला, दार उघडायला उठलेली असायची. वर-खाली होणारी, गॅसच्या नळकांड्यावरची खुर्ची. अशा खुर्चीवरून उठताना-बसताना स्थिर विजेचा सूक्ष्म झटका निघू शकतो आणि त्याची लहर मॉनिटरची केबल पकडते. डॉकसाठी चिप बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीनेही आपल्या मदतीच्या माहितीत ह्या खुर्च्यांचा उल्लेख केलेला आहे. पंख्याचं किंवा ट्यूबलाईटचं बटण दाबल्यावर मॉनिटर जातो, तेही ह्याच जातीचं. उपाय साधे आहेत: चित्राची केबल शक्य तेवढी आखूड आणि चांगल्या आवरणाची घ्या, विजेच्या वायरींच्या जुडीत ती बांधू नका, आणि डॉकचा बोर्ड पंख्याच्या बोर्डापासून वेगळा ठेवा. तिच्याकडे केबल बदलली आणि त्रास थांबला.

स्लीपमधून न उठणारा मॉनिटर

सकाळी आल्यावर किंवा जेवून आल्यावर मॉनिटर येत नाही, तेव्हा तीन ठिकाणी बघायचं.

मॉनिटरपासून सुरुवात करा, कारण तिथे कोणी बघत नाही. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा. इनपुट ‘ऑटो’ वर असेल तर मॉनिटर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, परत एचडीएमआय असा शोधत फिरतो, आणि डॉक त्याला हाक मारतो नेमकी तेव्हा तो दुसरीकडे असतो. इनपुट ज्या तोंडाला केबल लावली आहे त्यावर पक्कं करा. ‘डीप स्लीप’ किंवा वीज वाचवण्याची तसली सोय असेल तर बंद करा. माझ्या अनुभवात सकाळच्या तक्रारींचा मोठा भाग एवढ्यावरच मिटतो.

मग विंडोज. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ आहे, ते प्लग लावलेला असताना बंद ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खालच्या बाजूला यूएसबी कंट्रोलर्समध्ये ‘यूएसबी रूट हब’ दिसतील. प्रत्येकाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण आहे, ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतो, तिथे हे सोडून पुढे जा. झाकण लावून काम करत असाल तर झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ हे प्लगच्या रकान्यात निवडा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. जुनी अडकलेली स्थिती तशीच उठते. म्हणून डॉकच्या त्रासात शट डाउनपेक्षा रिस्टार्ट करा.

विंडो गोळा होण्याचा त्रास विंडोज ११ वाल्यांना कमी करता येतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडा. मॉनिटरप्रमाणे विंडोची जागा लक्षात ठेवायची खूण तिथे आहे, ती चालू ठेवा.

तिसरं म्हणजे फर्मवेअर आणि ड्रायव्हर. बायोस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर), थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ चा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर हे लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. डॉकचं फर्मवेअर डॉकच्या कंपनीकडून. डॉकलाही स्वतःचं फर्मवेअर असतं हे फार लोकांना माहीत नसतं, आणि स्लीपनंतर मॉनिटर न येण्याचे कित्येक दोष कंपन्या तिथेच दुरुस्त करतात. फर्मवेअर भरताना डॉक यूपीएसवर असू द्या आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली. मध्येच लाईट गेली तर डॉक कायमचा निकामी होऊ शकतो. कंपनीचा लॅपटॉप असेल तर हे काम आयटीवाल्यांकडूनच करून घ्या.

ह्यातलं काही करण्याआधी एकदा डॉकची वीज पूर्ण तोडा: लॅपटॉपची केबल काढा, डॉकचा प्लग भिंतीतून काढा, मिनिटभर थांबा. मग आधी डॉकचा प्लग, मग मॉनिटर चालू, आणि शेवटी लॅपटॉपची केबल. ह्या क्रमाने लावल्यावर दिवसभर ठीक चालत असेल आणि उलट्या क्रमाने बिघडत असेल तर फर्मवेअरकडे वळा.

मॅक असेल तर

इथे बिघाड नसलेल्या गोष्टीसाठी लोक जीव टाकतात. अॅपलच्या एम१ आणि एम२ ह्या साध्या चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ चा मॅकबुक एअर दोन चालवतो, पण झाकण मिटल्यावर. एम४ च्या एअरमध्ये झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. शिवाय विंडोजवर एका सी केबलमधून दोन मॉनिटरना वेगळं चित्र देणारी जी पद्धत साधे डॉक वापरतात, तिला मॅकओएस साथ देत नाही. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं ते त्यामुळे. केबल बदलून काही होणार नाही.

एकच मॉनिटर चालवणाऱ्या मॅकवर दुसरा हवाच असेल तर डिस्प्लेलिंकसारखी चिप असलेला डॉक घ्यावा लागतो. तो चित्र दाबून, साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो आणि त्यासाठी सॉफ्टवेअर टाकावं लागतं. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. नाव दचकवणारं आहे, पण चित्र घेऊन पाठवायला ती लागते. मोबदल्यात प्रोसेसरवर थोडा भार येतो, आणि काही ओटीटी सेवांचे संरक्षित चित्रपट त्या मॉनिटरवर काळे दिसतात. एक्सेल, मेल, कोड ह्यांना तो उत्तम. व्हिडिओ एडिटिंगला घेऊ नका. मॅकओएस १३ पासून नव्या उपकरणाला जोडू द्यायचं का, असा प्रश्न येतो. तो घाईत नाकारला गेला असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या.

माउस अडखळतो, नेट तुटतं

वायरलेस माउसचा छोटा डोंगल डॉकच्या मागे, वेगवान यूएसबी पोर्टाशेजारी असेल तर तो काढा. वेगवान यूएसबीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे, आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन डोंगल कीबोर्डजवळ आणा.

डॉकच्या लॅनमधून ऑफिसचं नेट मिळत नसेल तर बहुधा नेटवर्कवर लॅपटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळखसंख्या; अॅपलच्या मॅकशी संबंध नाही) नोंदवलेला असतो आणि डॉक आपला वेगळा सांगतो. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये लॅपटॉपचाच पत्ता पुढे करण्याची सोय असते. नाहीतर डॉकचा पत्ता नोंदवून घ्यायला सांगा.

डॉकच खराब आहे हे कधी म्हणायचं

दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर, दुसऱ्या केबलने, दुसऱ्या मॉनिटरवर तोच डॉक तोच त्रास देत असेल, आणि तुमचा लॅपटॉप दुसऱ्या डॉकवर दिवसभर नीट चालत असेल, तेव्हाच. हात लावून बघा: डॉक कोमट लागणं स्वाभाविक आहे, पण हात ठेववत नाही इतका तापत असेल आणि त्रास दुपारीच होत असेल तर तो लॅपटॉपखालून, कागदांच्या ढिगातून बाहेर काढा. मोकळ्या हवेत ठेवल्यावर थांबलं तर डॉक चांगला आहे, जागा चुकीची होती.

वॉरंटीत परत करताना सर्व्हिस सेंटरवाल्याला नुसतं ‘मॉनिटर जातो’ सांगितलं की तो टेबलावर पाच मिनिटं लावून ‘चालतोय की’ म्हणून परत देतो. म्हणून लेखी द्या: लॅपटॉपचं मॉडेल, डॉकची फर्मवेअर आवृत्ती, मॉनिटर किती, कुठल्या रिझोल्यूशनला आणि किती हर्ट्झला, कुठली केबल, कोणत्या तोंडाला, किती वेळाने जातो, काय केल्यावर येतो, आणि कुठल्या दुसऱ्या लॅपटॉपवर लावून पाहिलंत. मॉनिटर जाताना मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ सोबत द्या. आणि डॉकबरोबर त्याची मूळ केबल व अॅडॉप्टरही पाठवा, कारण दोष त्या दोन्हीत असेल तर नुसता डॉक बदलून आलेला तुमच्या टेबलावर पुन्हा तसाच वागेल.